तीन रांगा भरून ट्रेलर ओढायला निघालेल्या मराठी मंडळींना खुले पत्र

प्रिय मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मे महिना उजाडला की दक्षिण कॅलिफोर्नियातल्या आपल्या घरांमध्ये दोन गोष्टी एकदम सुरू होतात. भारतातून आई-बाबा येतात, आणि झायन, ब्राइस, ग्रँड कॅनियनचे बेत ठरू लागतात. अलीकडे त्यात ट्रेलरची भर पडली आहे. हॉटेलात आईला स्वयंपाक करता येत नाही, बाबांना रात्री दोनदा उठावं लागतं, मुलांना शेकोटी हवी असते. अशा वेळी चाकांवरचं छोटं घर मागे जोडून निघावं हा विचार चांगलाच आहे. मीही तोच केला होता. तुमच्या हौसेवर पाणी ओतायला हे पत्र लिहीत नाही. गेल्या उन्हाळ्यात माझ्या गाडीत सहा माणसं बसलेली असताना जे घडलं ते तुमच्यापैकी कुणाच्या वाट्याला येऊ नये, एवढ्यासाठी लिहितो आहे.

आपल्यापैकी बहुतेकांकडे तीन रांगांची मध्यम आकाराची एसयूव्ही आहे. हायलँडर, पायलट, टेल्युराइड, पॅलिसेड, ॲटलस यांपैकी एखादी. त्यातल्या बहुतेकींच्या माहितीपत्रकावर ‘टोइंग ५,००० पौंड’, म्हणजे मागे इतकं वजन ओढता येईल, असं ठळक छापलेलं असतं. तेही सगळ्यांना सरसकट लागू नाही. हायलँडरची पेट्रोल गाडी ५,००० पौंडांची, पण तिचीच हायब्रिड ३,५०० ची. पायलट चारही चाकं चालणारी असेल तर ५,०००, दोनच चालणारी असेल तर ३,५००. तेव्हा शेजाऱ्याची गाडी आपल्यासारखीच दिसते म्हणून त्याचा आकडा आपला धरू नका. पण हा झाला किरकोळ मुद्दा. मला ज्या आकड्याबद्दल बोलायचं आहे तो माहितीपत्रकात नसतोच.

तो ड्रायव्हरचं दार उघडल्यावर दिसतो. दाराच्या खांबावर टायरमधल्या हवेची माहिती देणारं स्टिकर असतं. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांपेक्षा जास्त वजन होता कामा नये. यालाच पेलोड म्हणतात. आपल्या वर्गातल्या गाड्यांचा तो साधारण १,२०० ते १,५०० पौंडांच्या आसपास असतो, आणि एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांतही वेगळा असू शकतो, कारण काचेचं छत, मोठी चाकं, मधल्या रांगेतल्या जड खुर्च्या, सगळं त्यातूनच वजा होतं. माझ्या गाडीवर लिहिलंय १,३१०.

आता माझा हिशोब मांडतो. मी १७५ पौंड, बायको १४०, मुलगा १२०, मुलगी ७५, आई १३०, बाबा १६०. झाले ८००. बॅगा, औषधांची पिशवी, पाण्याच्या बाटल्या, आईचा डब्यांचा खोका, छोटा कूलर मिळून १९०. ट्रेलर जोडण्यासाठी नंतर बसवलेला हिच आणि त्यातला बॉल माउंट, म्हणजे ज्या गोळ्यावर ट्रेलरची दांडी अडकते तो भाग, यांचे ५०. एकूण १,०४०. म्हणजे शिल्लक उरले २७० पौंड.

या शिल्लक जागेत ट्रेलरच्या दांडीचा भार बसवावा लागतो. इथे त्याला टंग वेट म्हणतात. ट्रेलर सगळाच्या सगळा आपल्या चाकांवर उभा नसतो. त्याच्या पुढच्या दांडीचा भार गाडीच्या हिचवर येतो, आणि तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. गाडीच्या दृष्टीनं हा भार म्हणजे डिकीत ठेवलेलं सामानच. माझा ट्रेलर भरल्यावर ३,९०० पौंडांचा झाला होता. दांडीवर ४८० येत होते. शिल्लक २७०, मागणी ४८०. गाडी ५,००० ओढते म्हणून मी ३,९०० च्या ट्रेलरला निर्धास्त होतो, आणि प्रत्यक्षात ट्रेलर जोडताक्षणीच २१० पौंडांनी जास्त भरलेला होतो. त्या दिवशी, त्या सहा माणसांसकट माझ्या गाडीला झेपणारा ट्रेलर होता सुमारे २,२५० पौंडांचा. पाच हजारांच्या निम्माही नाही.

हे कुणी मला सांगितलं नाही. गाडी विकणाऱ्यानं ‘आरामात ओढेल’ म्हणून खांद्यावर हात ठेवला होता. ज्यांच्याकडून ट्रेलर भाड्यानं घेतला त्यांनी गाडीचं मॉडेल विचारलं, ‘आमचा ट्रेलर ३,२०० चा आहे, तुमची गाडी पाच हजारांची, काही प्रश्नच नाही’ असं सांगितलं. त्या दोघांपैकी एकानंही विचारलं नाही की गाडीत किती माणसं बसणार आहेत. आणि ३,२०० हे रिकाम्या ट्रेलरचं वजन होतं. त्यात पाणी नाही, गॅसच्या टाक्या नाहीत, भांडी, अंथरुणं, खुर्च्या, सायकली काही नाही. एक गॅलन पाणी आठ पौंडांहून जास्त भरतं. तीस गॅलनची टाकी घरूनच भरून निघालात की अडीचशे पौंड वाढले. कॅम्पग्राउंडवर नळ असतो, टाकी तिथे भरा.

पाच हजारांचा आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो कसा काढतात तेही तुम्हाला माहीत असावं. टोइंगचे आकडे ठरवण्यासाठी एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेचं जे-२८०७ नावाचं मानक आहे. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीनं आकडा जाहीर करायची. टोयोटानं २०११ च्या मॉडेलांपासून हे मानक सर्वांआधी स्वीकारलं आणि बाकीच्या हळूहळू आल्या. यातली एक कसोटी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर आधारलेली आहे. बुलहेड सिटीपासून युनियन पासपर्यंत सुमारे अकरा मैलांत तीन हजार फुटांचा चढ, १०० अंश फॅरनहाइटचं ऊन, एसी पूर्ण सुरू, आणि आपल्यासारख्या गाडीचा वेग ताशी ४० मैलांच्या खाली येता कामा नये. इंजिन, गिअरबॉक्स आणि रेडिएटरची चांगली परीक्षा आहे ही. पण या आकड्यात गाडीत माणसं किती धरली आहेत? दोन. प्रत्येकी १५० पौंडांची. मागच्या दोन रांगा रिकाम्या.

आपण मात्र तीन रांगांची गाडी घेतली तीच मुळी आई-बाबांना सोबत नेता यावं म्हणून.

आता प्रवासाचं सांगतो. अर्वाइनहून निघायच्या आदल्या संध्याकाळी ट्रेलर जोडला तेव्हा गाडीची शेपटी खाली बसली आणि बोनेट वर उचलल्यासारखं दिसू लागलं. त्याचं कारण मला नंतर कळलं. हिचचा बॉल मागच्या चाकांच्याही बराच मागे असतो, त्यामुळे दांडीचा भार तरफेसारखा काम करतो. दांडीवर ४८० पौंड असले तर आमच्या गाडीच्या मापांप्रमाणे मागच्या चाकांवर जवळजवळ ६८० येतात आणि पुढची चाकं दोनशे पौंडांनी हलकी होतात. ज्या चाकांनी वळायचं आणि ज्यांच्यावर ब्रेकचा मोठा वाटा असतो तीच हलकी. मला तेव्हा फक्त बसलेली शेपटी दिसत होती, आणि ती सरळ करायचा सोपा उपाय मी शोधला. ट्रेलरच्या दांडीवरच्या रॅकमधल्या चार सायकली काढून मागच्या बंपरच्या रॅकवर लावल्या. पुढच्या कप्प्यातला मोठा कूलर आणि दोन जड पिशव्या अगदी मागे नेऊन ठेवल्या. दोनशे पौंडांचं सामान पुढून मागे गेलं. गाडी सरळ झाली. मला बरं वाटलं.

बाबा अंगणात उभे राहून बघत होते. माझे वडील फलटणकडचे, चाळीस वर्षं त्यांनी ऊस वाहिला, आधी बैलगाडीनं. त्यांनी दांडीला हात लावून ती जराशी हलवून पाहिली आणि म्हणाले, “मागं लई भरलंस. गाडी उलाळ झालीय.”

ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बैलगाडीत ओझं आसाच्या मागे जास्त झालं की मागची बाजू खाली जाते, पुढची दांडी वर उचलते आणि जू बैलांच्या मानेवरून सुटायला बघतं. जुपण्या, म्हणजे बैलाला जूशी बांधणारे पट्टे, गळ्याला आवळतात. बैलाचा गाडीवर ताबा राहत नाही. याला गाडी उलाळ होणं म्हणतात. उलट ओझं फार पुढे आलं तर सगळा भार मानेवर येऊन माना सोलवटतात. म्हणून गाडी भरणारा माणूस पुढचं-मागचं बघत, जूवर थोडाच पण नक्की भार राहील असा भरत जातो. इथल्या ट्रेलरच्या पुस्तकांत १० ते १५ टक्क्यांचा जो नियम आहे, तो हाच. माझ्या वडिलांना तो टक्केवारीशिवाय माहीत होता. मी त्यांना म्हणालो, “बाबा, हे वेगळं असतं, याला हिच असतो.” ते काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आय-१५ महामार्गावरून बेकर गावाच्या पुढचा लांब चढ आम्ही चढलो. तिथे इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा अशा पाट्या आहेत, त्या वाचून एसी बंद केला. गाडीनं कुरकुर केली नाही. माउंटन पासची उंची ४,७३० फूट. तिथून पलीकडे उतरलं की इव्हानपाहचं कोरडं तळं, ते सौर ऊर्जेचे उंच मनोरे आणि पुढे नेवाडाची हद्द. दोन हजार फुटांचा लांब, सरळ उतार. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या कुठल्याही गाडीला ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे. मी ६६ वर होतो. हे लिहिताना मला लाज वाटते, पण लपवलं तर पत्राला अर्थ नाही.

डावीकडून एक मोठा ट्रक पुढे गेला. त्याच्या हवेनं ट्रेलर आधी उजवीकडे ढकलला गेला, मग ट्रक पुढे सरकताच डावीकडे ओढला गेला. मग पुन्हा उजवीकडे. आणि ते थांबेना. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. आरशात आधी ट्रेलरची डावी भिंत दिसायची, मग उजवी. स्टिअरिंग हातात असून हातात नव्हतं. मी गाडीचा ब्रेक दाबला, आणि झोका आणखी वाढला, कारण पुढची गाडी मंदावली की मागचं ओझं तिला बाजूला ढकलतं. मागच्या रांगेतून आईचा “रामा रामा” असा आवाज आला. गुडघ्याजवळ बसवलेल्या ब्रेक कंट्रोलरच्या पट्टीकडे माझा हात कसा गेला मला आठवत नाही. ती दाबली की गाडीचे नव्हे, फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. ट्रेलर मागे खेचला गेला, ताणला गेला, सरळ झाला. सगळं मिळून दहा सेकंदं असतील.

तुमच्या गाडीत ही पट्टी असेलच असं धरू नका. आपल्या गाड्यांना बऱ्याचदा चार तारांचा जोड असतो, त्यातून फक्त दिवे चालतात. ट्रेलरचे विजेचे ब्रेक चालायला सात तारांचा जोड आणि वेगळा कंट्रोलर लागतो. कॅलिफोर्नियात १,५०० पौंडांपासून पुढच्या कॅम्पिंग ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत, काही राज्यांत ही मर्यादा ३,००० आहे. कायदा काहीही असो, चार टन वजनाचा सगळा गाडा फक्त पुढच्या गाडीच्या ब्रेकवर थांबवायची वेळ स्वतःवर आणू नका. आणि झोका सुरू झालाच तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, स्टिअरिंग सरळ धरा, झोक्याच्या उलट वळवायला जाऊ नका, ट्रेलरचा ब्रेक हातानं लावा. घरापासून निघताना रिकाम्या रस्त्यावर एकदा ती पट्टी दाबून पाहा म्हणजे हाताला तिची जागा कळेल.

पुढच्या ट्रक स्टॉपवर थांबून आम्ही वजन केलं. कॅट स्केल नावाचे काटे जवळजवळ प्रत्येक मोठ्या ट्रक स्टॉपवर असतात. ते ट्रकवाल्यांसाठीच असतात असा माझा समज होता, पण कुणीही पंधरा-वीस डॉलरांत वजन करू शकतो. गाडीच्या पुढच्या चाकांचं, मागच्या चाकांचं आणि ट्रेलरचं वजन वेगवेगळं छापून मिळतं. ट्रेलर सोडून गाडीचं परत वजन केलं की फरकावरून दांडीचा भार निघतो. आमचा निघाला २६०. ३,९०० च्या ट्रेलरला जेमतेम साडेसहा टक्के. बाबांचा हात बरोबर होता.

मग सायकली पुन्हा पुढे आणल्या, कूलर पुढे आणला. दांडीवर ४८०, टक्केवारी उत्तम, आणि गाडी तिच्या मर्यादेच्या २१० पौंड वर. त्या पार्किंगमध्ये उन्हात उभं राहून मला पहिल्यांदा स्पष्ट कळलं की मी मांडणी चुकवली हा अर्धाच भाग होता. सहा माणसं आत बसलेली असताना त्या ट्रेलरची एकही मांडणी बरोबर नव्हती. पुढे भरला तर गाडी ओव्हरलोड, मागे भरला तर ट्रेलर उलाळ. मधली जागाच शिल्लक नव्हती. आम्ही लास व्हेगासला हळूहळू पोचलो, तिथे दुसरी गाडी भाड्यानं घेतली, आई-बाबा आणि मुलगी बायकोबरोबर त्या गाडीत, मी आणि मुलगा ट्रेलरसह. उरलेला प्रवास शांत झाला. ट्रकचे धक्के तसेच बसत होते, ट्रेलर एकदाही हलला नाही.

तुमच्यापैकी काहींनी मला विचारलं की वेट डिस्ट्रिब्युशन हिच लावला तर सुटेल का. त्यातल्या पोलादी पट्ट्या मागच्या चाकांवरचा काही भार पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या चाकांवर सरकवतात, गाडी सरळ बसते, पुढची चाकं पुन्हा नीट टेकतात. चांगलं साधन आहे. पण दारावरचा आकडा त्यानं वाढत नाही. शिवाय आपल्या वर्गातल्या काही गाड्यांचं मॅन्युअल तो वापरायला सांगतं आणि काहींचं स्पष्ट नको म्हणतं. मॅन्युअलचं ते पान वाचल्याशिवाय घेऊ नका. त्याच पानांवर ट्रेलरच्या समोरच्या क्षेत्रफळाची मर्यादाही दिलेली असते का ते बघा. आठ फूट रुंद आणि आठ फूट उंच खोका म्हणजे ६४ चौरस फुटांची भिंत हवेत ढकलणं, मग त्याचं वजन कितीही कमी असो.

युरोपातल्या लहान गाड्या मोठमोठे कॅराव्हॅन ओढतात, त्याचे व्हिडिओही मला आले. खरं आहे. तिथे दांडीवरचा भार कमी ठेवतात. पण जर्मनीत कॅराव्हॅनला साधारणपणे ताशी ८० किलोमीटरची मर्यादा असते, खास परवानगी असेल तर १००. ताशी ८० किलोमीटर म्हणजे आपले ५० मैल. तो कमी भार त्या वेगाशी बांधलेला आहे. त्यांचा भार आणि आपला वेग अशी सरमिसळ चालत नाही.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. गाडीत जागा कमी पडते म्हणून, किंवा आजीला पाय लांब करता येतील म्हणून, चालत्या ट्रेलरमध्ये कुणालाही बसवू नका, झोपवू नका. कॅलिफोर्नियात असा ट्रेलर ओढताना त्यात माणूस बसवायला कायद्यानं बंदी आहे. त्या भिंती लाकडी चौकटीच्या आणि पातळ पत्र्याच्या असतात. माझा ट्रेलर त्या उतारावर झोके घेत होता तेव्हा त्यात कुणी असतं तर, हा विचार मला अजून रात्री जागा करतो.

मग आई-बाबांना न्यायचं कसं? दोन गाड्या काढा. नाहीतर ट्रेलर कॅम्पग्राउंडवर आणून लावून देणारे लोक आहेत, ते स्वतःच्या पिकअपनं आणतात, जागा सपाट करून पाणी-वीज जोडून देतात आणि शेवटच्या दिवशी परत घेऊन जातात. तुम्ही सहाही जण गाडीतून निवांत जा. चौघंच असाल तर दीड-दोन हजार पौंडांचे छोटे टिअरड्रॉप किंवा घडीचे ट्रेलर आपल्या गाड्यांना व्यवस्थित झेपतात. मी यंदा तोच घेतला आहे.

आपल्या महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणीला माझी एक विनंती आहे. दिवाळी आणि गणपतीसाठी आपण हॉल घेतो, भांडी घेतो, साउंड सिस्टिम घेतो. दांडीचा भार मोजायचा एक काटा मंडळाच्या कपाटात असू द्या. तो मिळेपर्यंत घरातला वजनकाटाही चालतो. एक मजबूत फळी घ्या, तिचं एक टोक लोखंडी पाइपवर आणि दुसरं वजनकाट्यावर ठेवा. पाइपपासून एक फूट आणि काट्यापासून दोन फूट अंतरावर ट्रेलरची दांडी टेकवा. दांडी टेकवण्याआधी नुसत्या फळीमुळे काटा जे वजन दाखवतो ते वजा करा, मग काट्यावर येईल त्याच्या तिप्पट दांडीचा भार. ट्रेलर घरंगळू नये म्हणून चाकांना आधी उटी लावा. ट्रेलर सपाट जागी, आणि प्रवासाला निघताना भरतो तसाच भरलेला असावा.

जूनच्या पहिल्या शनिवारी सकाळी सात वाजता मी आमच्या भागातल्या ट्रक स्टॉपच्या काट्यावर असेन. त्या वेळी गर्दी नसते. यंदा ज्यांचा ट्रेलरचा बेत आहे त्यांनी या, हिशोब मी करून देतो, बाबाही बरोबर येणार आहेत. येताना गाडी रिकामी आणू नका. मुलांना उठवा, आई-वडिलांना बसवून आणा, बॅगा भरून आणा, कारण वजन त्या सगळ्यांसकट करायचं आहे. चहा आम्ही आणतो.

तुमचा एक सभासद,
अर्वाइन, कॅलिफोर्निया